डिंक, जिलेटिन आणि केंद्रकी : आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज, कळवा

ओवाळून झालं, फराळाची ताटं पुढ्यात होती आणि सानिकाने चकली मोडता मोडता विचारलं, "मामा, केंद्रकीला पटल नसतं ना, मग ती केंद्रकात विरघळून का जात नाही?" केंद्रकी म्हणजे पेशीच्या केंद्रकात दिसणारा गोल ठिपका (न्यूक्लिओलस), आणि पटल म्हणजे पातळ आवरण. भाची अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात एका ओळीत दिलंय की केंद्रकीभोवती पटल नाही आणि पुढच्या ओळीला लगेच दुसराच विषय सुरू. मी मायक्रोबायोलॉजी करून पंधरा वर्षं झाली, रबाळे एमआयडीसीत क्यूसीला आहे, रोज मायक्रोस्कोप बघतो, पण हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. साखर चहात टाकली की ती चहाभर होते, तिला कोणी एका कोपऱ्यात थांबवून ठेवत नाही. मग केंद्रकीतली प्रथिनं आणि आरएनए एकाच जागी गोळा होऊन कशी राहतात?

तिच्या कॉलेजचं प्रदर्शन १४ डिसेंबरला आहे. ती, तिची मैत्रीण ऋतुजा आणि मी, असं तिघांनी हाच विषय घ्यायचं ठरलं. सानिका ठाण्याला चरईत राहते, दर रविवारी कळव्याला येईल. नोंदी मी लिहिणार.

५ नोव्हेंबर

रात्री बसून वाचलं. २००९ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि त्यांचे सहकारी एका जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या कृमीचा गर्भ बघत होते, सी. एलेगन्स त्याचं नाव. गर्भ एकाच पेशीचा असताना त्यात पी ग्रॅन्यूल नावाचे कण असतात, ते आधी सगळीकडे पसरलेले असतात आणि पेशी दुभंगायच्या आधी मागच्या टोकाला दिसायला लागतात. इतकी वर्षं समज होता की हे घट्ट कण आहेत आणि कोणीतरी त्यांना उचलून मागे नेतं. या लोकांनी बघितलं तर पुढच्या टोकाचे विरघळत होते आणि मागच्या टोकाला नवीन तयार होत होते. दोन कण एकमेकांना टेकले की एक होऊन परत गोल व्हायचे, केंद्रकाच्या पृष्ठभागावरून ओघळायचे, ठिबकायचे. म्हणजे ते चक्क द्रव आहेत, थेंब आहेत! त्यांचा दाटपणा साधारण पाण्याच्या हजारपट निघाला, म्हणजे ग्लिसरीनसारखा पकडा.

मग २०११ ला ब्रँगविन, हायमन आणि टिमोथी मिचिसन यांनी बेडकाच्या अंड्यातली केंद्रकी घेतली, तीही तशीच वागली. म्हणजे सानिकाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेतले ई. बी. विल्सन यांनी १८९९ मध्येच लिहून ठेवलं होतं की जीवद्रव्य हे द्रवात तरंगणाऱ्या वेगवेगळ्या द्रवांच्या थेंबांसारखं दिसतं. नुसत्या साध्या मायक्रोस्कोपमधून. आणि मग ११० वर्षं तो धागा जवळजवळ बाजूलाच राहिला.

६ नोव्हेंबर

सानिकाचा मेसेज : "थेंब म्हणजे मिसळीवरची तर्री का?"

दिसायला हो, पण एक मोठा फरक आहे. तर्री तेलाची आणि रस्सा पाण्याचा, ते मुळातच वेगळे. पेशीत थेंबाच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणीच. पाण्याने पाण्यात वेगळं व्हायचं, हे डोक्यात बसायला मलाही दोन दिवस लागले. म्हणून धुक्याचं उदाहरण दिलं. येऊरला पहाटे गेलं की हवेत वाफ असतेच, दिसत नाही, पण हवेला जेवढी पेलवते त्याच्या वर गेली की जास्तीची वाफ थेंब होऊन बाहेर पडते, आणि ऊन आलं की सगळं परत गायब. पेशीतल्या काही प्रथिनांचंही असंच, एका मर्यादेपर्यंत ती मोकळी फिरतात, मर्यादा ओलांडली की वरची सगळी थेंबात जातात. पीएच, मीठ, तापमान बदललं की ही मर्यादा वरखाली सरकते. म्हणून तर या थेंबांना कंडेन्सेट म्हणतात.

१० नोव्हेंबर

पेशीतली प्रथिनं घरी कुठून आणणार. पण डिंक आणि जिलेटिन कोमट पाण्यात एकत्र करून थोडं आम्ल घातलं की असेच थेंब होतात, त्यांना कोअ‍ॅसर्वेट म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी १९३० च्या दशकात म्हटलं होतं की पृथ्वीवरच्या पहिल्या जिवांची सुरुवात अशा थेंबांतून झाली असावी. म्हणजे प्रयोग जुना आहे, सामान साधं आहे.

अडचण घरातूनच आली. आई माळकरी आहे, जिलेटिन हाडा-चामड्यापासून करतात कळल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार अडवलं, "माझ्या गॅसवर ते काही शिजवायचं नाही." तिचं बरोबर आहे, तिच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मागच्या बाल्कनीत इलेक्ट्रिक किटली, एक वेगळं स्टीलचं पातेलं, ते परत घरात येणार नाही, असं ठरलं.

जांभळी नाक्याहून डिंक आणला, दुकानदाराने बाभळीचा म्हणून दिला. रात्रभर भिजवला तर अर्धा विरघळला आणि अर्धा फुगून तळाशी बसला. गाळला तरी शेंबडासारखा ताणला जात होता. त्यात जिलेटिन, त्यात व्हिनेगर, नुसता गढूळपणा, मायक्रोस्कोपखाली काहीही गोल नाही. दोघी मुली हिरमुसल्या. आई बाल्कनीच्या दारातून बघत होती, एक खडा हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "हा धावड्याचा आहे रे, लाडवाचा. तळला की फुलतो." चाळीस वर्षं डिंकाचे लाडू करणाऱ्या बाईला जे एका नजरेत कळलं त्यावर आमचे तीन तास गेले. धावड्याचा डिंक पाण्यात पूर्ण विरघळतच नाही, बाभळीच्या कुळातला अरेबिक डिंक विरघळतो.

१७ नोव्हेंबर

जमलं!!

यावेळी केमिकलच्या दुकानातून गम अरेबिकची पावडर आणली आणि पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. १०० मिलीत १ ग्रॅम डिंक, दुसऱ्या १०० मिलीत १ ग्रॅम जिलेटिन (आधी गार पाण्यात फुगवून मग गरम). दोन्ही ४५ अंशांवर ठेवून ५-५ मिली एका टेस्ट ट्यूबमध्ये. व्हिनेगर एकास चार पाण्यात पातळ करून ड्रॉपरने एकेक थेंब घालत गेलो, ट्यूब हलवत. सानिका मोजत होती. दहा थेंबांपर्यंत काहीच नाही, अकराव्याला जिथे थेंब पडला तिथे पांढरी वाफ उठल्यासारखी झाली आणि हलवल्यावर गेली, चौदाव्याला ती गेलीच नाही, आख्खी ट्यूब पातळ ताकासारखी झाली. पट्टीवर पीएच साडेचारच्या जरा खाली.

काय होतं ते असं. आम्ल घातलं की जिलेटिनवर धन भार वाढतो, डिंकावर ऋण भार असतोच, मग दोघं एकमेकांना धरतात. पण नुसतं धरून भागत नाही. एकच हात असेल तर जोडी होते आणि विषय संपतो, दोन हात असले तर रांग होते, आणि चार-पाच हात असले की जाळं होतं, मोठ्ठं. आणि पकड फुगडीसारखी सैल, एकाचा हात सुटला तर दुसऱ्याचा धरला, म्हणून जाळं असूनही वाहतं. अमेरिकेत मायकेल रोझेन यांच्या गटाने २०१२ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, प्रथिनांवरचे पकडायचे तुकडे ते वाढवत गेले तसतसे थेंब कमी प्रमाणातही बनायला लागले.

आता मायक्रोस्कोप. माझा बीएस्सीचा जुना, ४० ची लेन्स, आयपीसला फोन रबरबँडने बांधलेला. स्लाइड ठेवली आणि ऋतुजा एकदम ओरडली. शेकडो गोल थेंब, काही बारीक, काही मोठे, कडा काचेसारख्या स्वच्छ. दोन थेंब हळूहळू जवळ आले, टेकले, टेकल्यावर क्षणभर काहीच नाही, मग मध्ये एक बारीक मान तयार झाली, मान जाड होत गेली, भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार झाला, मग लांबट, मग गोल. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. ड्रेस्डेनला त्यांनी गर्भात जे बघितलं असेल ते असंच काहीतरी, हे मनात आलं आणि मी बराच वेळ डोळा काढला नाही.

२० नोव्हेंबर, विधानसभेच्या मतदानाची सुट्टी

सकाळी मतदान करून आलो, मुली अकराला आल्या.

मीठ : दुधाळ ट्यूबमध्ये एक चिमूट मीठ, हलवलं, पाणी नितळ. मिठाचे आयन मध्ये घुसतात आणि पकड सुटते. खायचा सोडा : फेस आला आणि फेस बसल्यावर खाली तेही नितळ, पीएच वर गेला म्हणून. व्हिनेगर परत घातलं तर परत दुधाळ. जास्तच घातलं तर परत फिकट, कारण मग डिंकाचा ऋण भार जायला लागतो. सानिका म्हणाली, "म्हणजे हे चालू-बंद करता येतं." हो, पेशीला हेच तर हवं असतं. भिंत बांधायची म्हणजे सामान लागतं, पाडायची तर वेळ लागतो, थेंबाला दोन्ही लागत नाही. पेशीला उष्णतेचा किंवा विषाचा धक्का बसला की काही मिनिटांत स्ट्रेस ग्रॅन्यूल तयार होतात, प्रथिनं बनवायचं बरंचसं काम थांबतं आणि ज्यावरून ती बनणार होती ते एमआरएनए त्यात जमा होतात, संकट टळलं की थेंब विरघळतात. पावसात लोकल बंद पडल्यावर ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर घोळके होतात आणि गाडी लागली की फुटतात, तसं.

रंग : मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या बुरशीवर मिथिलीन ब्लू मिळतं. त्याचा अगदी पातळ थेंब घातला. थेंब निळे झाले आणि बाजूचं पाणी जवळजवळ तसंच. कोणी दार उघडलं नाही, कोणी ओढून नेलं नाही, पण रंग आत गोळा झाला. खोली आहे आणि भिंत नाही! पेशीतला थेंबही असाच, ठरावीक रेणू आत जास्त, बाकीचे बाहेर, आणि जे आत जमले ते एकमेकांना लवकर भेटतात म्हणून काम लवकर होतं.

मग ऋतुजाने विचारलं की आतले रेणू आतच अडकून राहतात का. नाही. शास्त्रज्ञ चमकणाऱ्या प्रथिनाच्या थेंबाचा एक भाग लेसरने विझवतात आणि वाट बघतात. द्रव असेल तर बाजूची चमकणारी प्रथिनं तिथे येतात, विझलेली निघून जातात आणि काळा डाग भरून निघतो, पी ग्रॅन्यूलमध्ये हे काही सेकंदांतच होतं. स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीसारखं, गर्दी संध्याकाळभर तेवढीच दिसते पण दर पाच मिनिटांनी माणसं वेगळी.

२४ नोव्हेंबर

आजची नोंद लांब होणार.

उरलेली दुधाळ ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायला आई देणार नाही, म्हणून बर्फाच्या पाण्यात ठेवली, वीस मिनिटं. मग स्लाइड. थेंब होते, पण एकमेकांना चिकटून गुच्छ झालेले, शिजलेल्या साबुदाण्यासारखे, प्रत्येकाची कड वेगळी दिसत होती आणि कोणीच कोणात मिसळत नव्हतं. दहा मिनिटं बघत बसलो. आकार तोच, पदार्थ तोच, पण वाहणं संपलेलं. गार झाल्यावर जिलेटिन आतल्या आत गोठलं.

हे मला मुलींना दाखवायचंच होतं, कारण २०१५ मध्ये हायमन यांच्या गटाने एफयूएस नावाच्या प्रथिनाचे थेंब बघितले होते. ताजे थेंब द्रव असतात, पण काही तासांत घट्ट होत जातात आणि त्यातून तंतू बाहेर येतात. ज्या बदलामुळे एएलएस हा मज्जापेशींचा आजार होतो तो बदल असलेलं प्रथिन घेतलं तर हे आणखी लवकर होतं. आणि आपल्या पवईच्या आयआयटीत, इथून जेमतेम तासाभरावर, समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये अल्फा-सिन्युक्लिनबद्दल हेच दाखवलं, आधी द्रव थेंब, दिवस जातील तसा जेलीसारखा घट्टपणा, मग तंतू. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत ज्या गाठी सापडतात त्यात हेच प्रथिन असतं.

बाबांना पार्किन्सन्स आहे. २०१७ पासून. सानिकाला माहीत आहे, ती लहान होती तेव्हापासून आजोबांचा हात बघतेय. मी हे वाचून दाखवताना ती गप्प झाली आणि मग विचारलं, "गरम केलं तर?" आम्ही ट्यूब ४५ अंशांच्या पाण्यात ठेवली, पाच मिनिटांत साबुदाणा सुटला आणि थेंब परत एकमेकांत मिसळायला लागले. मला तिला तिथेच सांगावं लागलं की जिलेटिन उष्णतेने सुटतं, ते तंतू असे सुटत नाहीत, आणि आपल्या ट्यूबवरून आजोबांच्या मेंदूबद्दल काहीही म्हणायचं नाही. सांगताना मलाच जड गेलं. पण पोस्टरवर खोटी आशा लिहिलेली मला चालणार नाही.

१ डिसेंबर

सानिकाने कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड केली होती, तिने फोटो आणले. काही पेशींत केंद्रकात एक-दोन गोल ठिपके, विभाजनाला लागलेल्या पेशींत ठिपका नाही. पुस्तकात "केंद्रकी नाहीशी होते" एवढंच असतं. आता तिने स्वतःहून म्हटलं की नाहीशी म्हणजे थेंब विरघळला, आणि विभाजन झाल्यावर परत जमला. तिच्याच तोंडून ऐकून फार बरं वाटलं.

केंद्रकी हा नुसता एक थेंबही नाही, थेंबात थेंब असतात. बेडकाच्या अंड्यात तीन थर स्पष्ट दिसतात आणि २०१६ मध्ये ब्रँगविन यांच्याच गटाने दाखवलं की हे थर म्हणजे एकमेकांत न मिसळणारे द्रव आहेत, कोण आत आणि कोण बाहेर हे पृष्ठताणावरून ठरतं. रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांची, जुळणी आतून बाहेर अशी होत जाते, म्हणजे थरांचा क्रम हाच कामाचाही क्रम.

८ डिसेंबर

पोस्टरवरून वाद. ऋतुजाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "पेशीतलं सगळं काम थेंबांमुळे चालतं." मी खोडायला सांगितलं. तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रिया) दोन पटलं आहेत, केंद्रकालाही आहेत, त्यांची गरज थेंबांनी संपत नाही. शिवाय या विषयात गेल्या काही वर्षांत उत्साहाच्या भरात जे जे गोल दिसलं त्याला थेंब म्हटलं गेलं. पेशीत एखादं प्रथिन नेहमीपेक्षा खूप जास्त बनवायला लावलं तर ते गोळा होणारच. हेक्झेनडायॉल टाकल्यावर विरघळलं म्हणजे द्रव, असाही एक सोपा निकष वापरला जायचा, पण ते रसायन पेशीत बाकीच्याही बऱ्याच गोष्टी बिघडवतं. गोल दिसणं, मिसळणं, डाग भरून येणं, किती प्रमाणाला सुरू होतं ते मोजणं, हे सगळं जुळलं तर बोलायचं.

ती थोडी रागावली, पण नवीन ओळ तिनेच लिहिली : "पेशीत भिंती असलेल्या खोल्या असतात आणि भिंती नसलेल्याही." ही राहू दे म्हटलं.

१४ डिसेंबर, प्रदर्शन

तीन थर्मास गरम पाणी नेलं, दुपारी दीडपर्यंत संपलं, कॅन्टीनमधून आणलं. टेबलावर तीन ट्यूब : नितळ, दुधाळ, मीठ घातलेली. सगळ्यात जास्त गर्दी अर्थातच चौदाव्या थेंबाला, सानिका ड्रॉपर समोरच्याच्या हातात द्यायची आणि मोजायला लावायची. पाचवीतला एक मुलगा तीनदा रांगेत आला. एका परीक्षकांनी विचारलं, हे जिवंत आहे का, सानिका म्हणाली नाही, पण जिवंत पेशी हीच युक्ती वापरते. प्रमाणपत्र मिळालं, नंबर आला नाही. ऋतुजा रडली, मग आम्ही तलावपाळीला जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

१५ डिसेंबर

बाबांना बघायचं होतं. इतके दिवस बाल्कनीत काय चाललंय ते ऐकत होते पण मान हलते म्हणून आयपीसला डोळा लावता येत नाही. सानिकाने फोन टीव्हीला जोडला. जुन्याच द्रावणांची नवीन ट्यूब, यावेळी बारा थेंबांतच दुधाळ (डिंक दोन दिवस बाहेर राहिला म्हणून असेल, तपासायचं). आईपण पदराला हात पुसत येऊन बसली.

पडद्यावर ताटाएवढे थेंब. बाबा काही बोलले नाहीत. मग दोन मोठे थेंब जवळ येताना दिसले तसा त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाले, "थांबा, ते मिळतायत." मिळाले. मग अजून दोन. असं सात-आठ वेळा झालं, ते प्रत्येक वेळी आधी ओळखायचे की आता कोण कोणाला मिळणार.

आज हवा गार होती, साधारण नऊ मिनिटांनी थेंबांचं मिसळणं मंदावलं. दोन टेकले आणि तसेच राहिले. बाबांनी थोडा वेळ वाट बघितली.

"सानिका, स्लाइड गार झाली बघ. गरम पाणी आण."

ती थर्मास घेऊन आली, पातेल्यात पाणी ओतलं, आम्ही नवीन स्लाइड केली.

पुढच्या वेळेसाठी : स्लाइडखाली ठेवायला गरम पाण्याची चपटी पिशवी बघायची. टीव्हीची केबल लांब हवी, बाबांची खुर्ची जवळ ओढता आली पाहिजे.